रंगराव बिराजदार यांची एकुलती चाचणी

रंगराव बिराजदार पगार घ्यायचे तो फोडण्याचा. चाकणच्या ज्या कारखान्यात स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर बनतात, तिथे दर चारशेच्या लॉटमधला एक नवाकोरा सिलिंडर त्यांच्या हाती यायचा. रंगराव त्यात काठोकाठ पाणी भरायचे, तोंड आवळायचे, तो पोलादी खोलीत ठेवून दार लावायचे आणि बाहेरून पंप सुरू करायचे. काट्यावर दाब चढत जायचा. साठ, सत्तर, ऐंशी. सिलिंडरचं पोट फुगायचं, आतून कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि मग असा दणका बसायचा की टेबलावरचा चहा बशीत सांडावा. दार उघडलं की पोलाद उभं फाटलेलं दिसायचं आणि भिंतींवरून पाणी ओघळत असायचं. फाटलेल्या कडेवरून रंगराव बोट फिरवायचे. फाट पत्र्यात असेल तर लॉट पास. वेल्डिंगवर असेल तर चारशेच्या चारशे अडवून ठेवायचे, मग प्रॉडक्शन मॅनेजर थयथयाट करो नाहीतर पाया पडो. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचं ऐकलं नव्हतं आणि त्याचा त्यांना माज होता. हो, माजच. दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही.

माणूस दिसायला मात्र अगदी किरकोळ. वय सत्तावन्न, उंची पाच फूट चार इंच, आणि गुडघे असे की बसच्या दोन पायऱ्या चढायला दांडा धरावा लागे. पोटासाठी निलंग्याहून दापोडीला आले त्याला तीस वर्षं झाली, तरी तोंडातलं 'कामून' आणि 'लई' गेलं नव्हतं. अशा माणसाला दापोडीची अख्खी गल्ली 'पोखरण' म्हणायची. त्यात चेष्टा नव्हती, धाक होता.

त्याचं कारण अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातलं. राजस्थानच्या वाळवंटात देशानं अणुबाँब फोडून पाहिले आणि त्यानंतर चारच दिवसांनी गल्लीतल्या सार्वजनिक नळावर मालोजी नावाच्या दादाचा जबडा फुटला. हा मालोजी म्हणजे गल्लीला लागलेली कीड होती. हातगाडीवाल्यांना बडवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाखाली उगाच वाजवायचा, नळावरच्या बायकांच्या कळशा लाथेनं उडवायचा. त्या दिवशी त्यानं रंगरावांच्या नव्या नवरीची, सरूबाईची कळशी उडवली आणि वर तिचा दंड धरला. रंगराव धावत आले. गल्ली गोळा झाली तेव्हा मालोजी नळाच्या कट्ट्यापाशी पडला होता, तोंडातून रक्ताची धार लागली होती, दोन दात ओल्या फरशीवर होते आणि रंगराव मूठ आवळून उभे होते. एका ठोशात! टीव्हीवर तेव्हा दिवसभर पोखरणच चालू होतं, त्यामुळे नाव चिकटायला वेळ लागला नाही. मालोजी आठवड्याभरात दापोडी सोडून गेला आणि पुढची सत्तावीस वर्षं रंगरावांच्या दारात कुणी आवाज चढवून बोललं नाही.

या नावाचा खरा उपयोग झाला तो लेकीला. वर्षालीचं लग्न चिखलीच्या रणजीतशी होऊन सहा वर्षं झाली होती. रणजीत त्याच कारखान्यात, डिस्पॅचला. अंगानं दांडगा आणि डोक्यानं पेटलेला. मोशीच्या चौकात त्यानं एका टेम्पोवाल्याचं नाक हेल्मेटनं फोडलं होतं, सख्ख्या भावाला जिन्यावरून ढकललं होतं, एका मॅचपायी घरातला टीव्ही भिंतीवर आपटला होता. पण वर्षालीवर त्याचा हात कधी पडला नाही. लग्न जमवणाऱ्यानंच त्याला सांगून ठेवलं होतं, सासरा म्हणजे पोखरण आहे, जपून राहा. गेल्या दिवाळीला वर्षाली माहेरी आली तेव्हा आईला म्हणाली, "परवा ह्यांनी हात उचलला होता. मग खाली घेतला." सरूबाईनं तिचे दंड उलटसुलट करून वळ शोधले. रंगरावांना मात्र हे ऐकून बरं वाटलं.

"थांबला का न्हाई? मग झालं तर," ते म्हणाले आणि चकली मोडून खाऊ लागले. लेकीच्या अंगावर हात उगारला गेला आणि बाप कशावर खूश, तर तो हवेत थांबला यावर!

दिवाळीला आठ-दहा दिवस झाले नसतील तोच अमेरिका पुन्हा अणुचाचण्या घेणार अशी बातमी आली. झालं. कारखान्याच्या सात नंबरच्या बसला दुसरा विषय उरला नाही. दुपारी पहिली पाळी सुटली की बस चाकणहून निघायची आणि मोशीच्या अलीकडे तासभर अडकून पडायची, त्यामुळे वादाला वेळच वेळ होता. आपणही परत चाचणी घ्यावी, असं म्हणणाऱ्यांचे पुढारी अर्थातच रंगराव. समोरच्या बाजूला धम्मरत्न. हा क्वालिटीतला कागदपत्रं सांभाळणारा, पिंपरीतल्या जुन्या कामगाराचा मुलगा, आता रंगरावांच्याच गल्लीत राहणारा, वाचणारा आणि शांत बोलणारा. पंधरा वर्षं दोघं एकाच बाकावर बसत आणि पंधरा वर्षं भांडत.

त्या बुधवारी बस नेहमीच्या जागी ठप्प झाली आणि धम्मरत्ननं तोंड उघडलं.

"माझं साधं म्हणणं आहे, राव. बाँब वापरायचा नसतोच. समोरच्यानं हात उचलू नये म्हणून तो ठेवायचा. मग तो पूर्ण चालतो की अर्धा, हे त्याला कळायची गरज काय? आपला फुसका आहे अशी त्याची खात्री पटता कामा नये, बास. संशय पुरतो."

"संशयावर देश चालवता व्हय?" रंगराव उसळले. "अठ्ठ्याण्णवला फोडले, त्यातला मोठा पुरता फुटलाच न्हाई, असं त्यांच्यातलाच एक शास्त्रज्ञ मागून बोलला होता."

"सरकारनं ते खोडून काढलंय. आणि समजा नसेल फुटला. लहान फुटले ना? त्यातला एक पिंपरीत पडला तर भोसरीपासून चिंचवडपर्यंत माणसं मरतील. आणखी किती मारायचीत तुम्हाला?"

"केवढा मोठा, हा सवालच न्हाई. ज्यांनी बनवला ते रिटायर झाले. रॉकेट नवं आलं, त्याच्यावर बसवायला डिझाइन बदललं. माझ्याकडं नुसता पत्र्याचा सप्लायर बदलला तरी म्या जुनं सर्टिफिकेट चालवत न्हाई. नवा लॉट, नवी चाचणी. म्हणे कॉम्प्युटरवर फोडून बघतेत! अरे, कॉम्प्युटरवर माझा एक बी सिलिंडर आजवर वेल्डिंगवर फाटला न्हाई."

बस हसली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. अकाउंट्सची योगिनी म्हणाली, "आधी ही बस कुणीतरी फोडा आणि मला घरी जाऊ द्या." स्टोअरचा प्रज्वल मोबाइल उंच धरून सगळं टिपत होता. कारखान्याच्या ग्रुपवर असले वाद टाकायचं त्याला वेडच होतं.

धम्मरत्न हसण्यात वाहून गेला नाही. "आपण फोडला की पाकिस्तान फोडणार, चीन फोडणार. ते निमित्तच शोधतायत. आपला एक सुधारेल आणि त्यांचे दहा सुधारतील. बरं, ते जाऊ द्या. रंगराव, तुम्ही फोडलेला सिलिंडर कुणाच्या घरी जातो?"

"कुणाच्या न्हाई. भंगारात जातो."

"आणि जे घरी जातात ते?"

रंगरावांनी मान झटकली.

"न फोडलेले जातात," धम्मरत्न म्हणाला. "चारशेतले तीनशे नव्याण्णव. तुम्ही बावीस वर्षं ज्यांना पास म्हणताय, त्यातला एकही फोडून पाहिलेला नाही. तुमच्या-माझ्या बायका रोज त्याच्यासमोर काडी ओढतायत. मग तुम्ही कशावर जगताय, भाऊ? तुम्हीही विश्वासावरच."

आता बसनं जो हशा उठवला तो रंगरावांच्या वर्मी लागला. त्यांच्या कामावर हसलेले! ज्या कामापायी त्यांनी मॅनेजर अंगावर घेतले त्या कामावर. कानशिलं तापली. अशा वेळी शहाणा माणूस खिडकीबाहेर बघतो. रंगराव उभे राहिले.

"विश्वासावर जगलेला माणूस बघायचाय? मग माझ्याकडं बघा. मला पोखरण म्हणता ना तुमी? माल्याचा जबडा फोडला म्हणून? म्या त्याला मारलंच न्हाई! बोटसुदिक लागलं न्हाई. म्या हात उगारला, तो पळायला वळला, शेवाळावर त्याचा पाय गेला आन कट्ट्यावर तोंडावर आपटला. झाली माझी चाचणी! आन त्या एका फुसक्या चाचणीवर सत्तावीस वर्षं म्या वाघ. कामून? तर परत कुणी बघितलंच न्हाई. उद्या कुणी खरंच अंगावर आलं तर काय हाय माझ्यापाशी? हे गुडघे? एका चाचणीवर, न बघता, भरवसा ठेवला की आसा ठेवला जातो. आता बोल, धम्मरत्न!"

बसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतःलाच पुरावा म्हणून टेबलावर मांडणारा माणूस रोज थोडाच बघायला मिळतो! रंगराव घामाघूम होऊन खाली बसले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा अख्खी बस त्यांच्या बाजूनं होती आणि रंगरावांना आपण फार मोठं खरं बोललो असं वाटत होतं.

धम्मरत्न त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो प्रज्वलच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होता.

"ते डिलीट कर," तो म्हणाला.

"अहो, गेलं पण ग्रुपवर," प्रज्वल म्हणाला. "एक नंबर आहे."

ग्रुप होता तीनशे जणांचा आणि त्यात डिस्पॅचही होतं.

दुसरा दिवस गुरुवार, कारखान्यांच्या सुट्टीचा. रंगराव जेवायला बसणार एवढ्यात फोन आला. वर्षालीच्या समोरच्या दारातली श्रद्धा होती. "काका, लवकर या. तो तिला सोडत नाहीये," एवढंच ती बोलली आणि तिच्या आवाजामागून भांडी कोसळल्यासारखा आवाज आला. रंगरावांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला धम्मरत्नचं घर होतं. त्यानं काही न विचारता मोटारसायकल काढली आणि भोसरीचा पूल, स्पाइन रोड करत बावीस मिनिटांत चिखली गाठली. वाटेत रंगराव एकच गोष्ट म्हणत होते, आणि तीही स्वतःशी. "म्या कामून बोललो? म्या कामून बोललो?"

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. वर्षाली भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ फाटून हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं, उजव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली होती आणि केसांचा एक पुंजका फरशीवर पडला होता. रणजीतनं सकाळी तिला समोर बसवून तो व्हिडिओ तीनदा दाखवला होता. दर वेळी संपला की एक मारायची. मग मोजायचं सोडून दिलं. सहा वर्षांचं साचलेलं सगळं त्यानं एका सकाळीत बाहेर काढलं. आणि असल्या माणसाला ही गल्ली, ही बस, हे सगळे 'जरा तापट आहे' म्हणत होते! रानटी म्हणायला जीभ का रेटत नाही आपली, कोण जाणे.

सासऱ्याला बघून तो हसला.

"या मामा, या. बघा, इथं फरशी कोरडी आहे."

रंगरावांनी मारलं. सगळा जीव मुठीत आणून मारलं आणि मूठ रणजीतच्या गालाच्या हाडावर बरोबर बसली. आयुष्यातला त्यांचा हा पहिला ठोसा, जो खरोखर लागला. त्यांच्या करंगळीशेजारची दोन हाडं कडकन मोडली, तो आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. रणजीतनं नुसता गाल चोळला.

"एवढंच?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "एवढ्याला भिऊन राहिलो मी सहा वर्षं?"

मग त्यानं सासऱ्याला धरलं. पहिला गुडघा पोटात बसला आणि रंगराव दुमडले. दुसरा तोंडावर बसला. कॉलर धरून त्यानं त्यांना दारापर्यंत फरफटत नेलं, चौकटीवर त्यांचं डोकं दोनदा आपटलं आणि जिन्याच्या वळणावर फेकलं. तिथे ते पडल्यावरही तो थांबला नाही. बरगडीत लाथ, पुन्हा लाथ, त्याच बरगडीत. रंगरावांना श्वास येत नव्हता, डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि त्या लाल धुक्यात वर्षाली नवऱ्याच्या पाठीवर चढून त्याच्या खांद्याचा चावा घेताना दिसली. त्यानं तिला झटकलं ती कठड्यावर जाऊन आदळली. धम्मरत्ननं गाडी लावून धावत वर येऊन त्याच्या कमरेला मिठी मारली, कोपर खाऊन पुढचा दात गमावला, पण मिठी सोडली नाही. तेव्हा कुठे दारं उघडली. चारपाच जणांनी मिळून रणजीतला खाली पाडलं आणि पोलीस येईपर्यंत दोघं त्याच्या पाठीवर बसून राहिले. खाली दाबलेला असताना त्याचं एकच चालू होतं. "फसवलं मला. ह्या बापलेकींनी फसवलं मला."

संध्याकाळी सरकारी दवाखान्यात तिघं बाकावर बसली होती. सरूबाई कागद घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत होती. वर्षालीनं पोलिसांना जबाब स्वतः दिला होता, एकही शब्द न गिळता. रंगरावांच्या हाताला प्लास्टर होतं, तीन बरगड्या तडकल्या होत्या. धम्मरत्न तोंडाला रुमाल लावून बसला होता. वर्षालीच्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानानं किती ऐकू येईल ते जखम भरल्यावर बघू, असं डॉक्टर म्हणाली होती.

रंगराव बराच वेळ काहीतरी पुटपुटत होते. वर्षाली समोरच्या भिंतीकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "बाबा, या बाजूला येऊन बोला. त्या कानानं काही ऐकू येत नाहीये."

ते उठून तिच्या डावीकडे बसले. उठताना आणि बसताना दोन्हीदा कळ आली.

"पोरी, म्या खोटा होतो. माल्याचं सगळं खोटं होतं. तुला तरी आधी सांगायला पायजे होतं."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"शेवाळ, घसरणं, सगळं. मी आठवीत असतानाच आईनं सांगितलं होतं. ती तर तिथेच उभी होती."

रंगरावांनी खिडकीपाशी उभ्या सरूबाईकडे पाहिलं.

"म्हणून तर मी त्याला ती गोष्ट सांगायचे," वर्षाली म्हणाली. नवऱ्याला ती पहिल्यांदाच अरेतुरे करत होती. "दर वेळी थोडी वाढवून. लग्न झालं तेव्हा दोन दात होते. पुढच्या वर्षी मी जबडा तारांनी बांधायला लावला. त्यानं भावाला जिन्यावरून ढकललं, त्या दिवशी मी मालोजीचा एक डोळा पण घालवला. दिवाळीच्या तोंडावर त्यानं हात उचलला, तेव्हा म्हटलं, माझ्या बापानं ज्याला मारलं त्याला आजही नळीनं पाणी पाजतात, जाऊन बघून ये. तेव्हा तो खाली घेतला त्यानं. तुमच्यामुळे नाही, बाबा. मी सांगत होते म्हणून."

तिनं ओठावरचा बोळा काढला, बघितला आणि परत लावला.

"तुमच्याकडे काही नाही हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. माझ्याकडे तेवढंच होतं."

रंगरावांना रडू फुटलं. बरगड्यांमुळे धड रडताही येईना, नुसता घशातून आवाज निघत राहिला. बावीस वर्षं पोलाद फोडणारा हा माणूस त्या बाकावर इतका केविलवाणा दिसत होता की शेजारच्या बाईनं आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं. वर्षालीनं त्यांना रडू दिलं. समजूत काढायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिला ती काढायचीही नव्हती.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बसमध्ये वाद कसला चालला होता?"

"बाँबचा. परत चाचणी घ्यावी का न्हाई."

"मग? जिंकलात?"

धम्मरत्ननं रुमालाआड मान खाली घातली. रंगरावांनी लेकीच्या ऐकू येणाऱ्या कानापाशी तोंड नेलं.

"व्हय," ते म्हणाले.